वीसच्या खुणेपर्यंत

इन्सुलिनची सिरिंज दोन तऱ्हेची मिळते. एकीचं टोपण लाल, दुसरीचं केशरी. लाल टोपणाची सिरिंज यू-४० इन्सुलिनसाठी, म्हणजे ज्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट औषध असतं तिच्यासाठी. केशरी टोपणाची यू-१०० साठी. भारतात बाटलीतलं इन्सुलिन अजूनही बरंचसं ४० च्या ताकदीचं विकलं जातं, पेनमधलं १०० च्या. आता डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, "सकाळी वीस." घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंज संपतात, मुलगा कामावरून येताना केशरी टोपणाच्या घेऊन येतो आणि आई रोजच्या सवयीने वीसच्या खुणेपर्यंत औषध ओढते. त्या दिवशी तिच्या अंगात वीस नाही, आठ युनिट जातात. उलट झालं, म्हणजे १०० च्या ताकदीचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसपर्यंत ओढलं, तर जातात पन्नास. पहिल्या चुकीत साखर दिवसेंदिवस चढत राहते आणि कारण कुणाला सापडत नाही. दुसऱ्या चुकीत माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय कापतात आणि तो बेशुद्धही पडू शकतो.

दोन्ही वेळा आकडा बरोबर वाचलेला असतो. दोन्ही वेळा सांगितल्याबरहुकूम केलेलं असतं. खुणेवरचे वीस आणि औषधाचे वीस वेगळे असू शकतात, हे त्या घरात कुणी शांतपणे बसून समजावलेलं नसतं, एवढंच. मधुमेहाच्या माणसाला रोज अशी किती गणितं करावी लागतात, ती त्याला जमतात का आणि जमतात की नाही हे मोजायचं कसं, याचा शोध जगभरचे डॉक्टर गेली तीसेक वर्षं घेत आहेत. भारतात हा शोध घ्यायला चेन्नईइतकं योग्य शहर शोधून सापडणार नाही.

कारण मधुमेहाशी या शहराचा संबंध जुना आहे. डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ साली इथल्या स्टॅन्ली रुग्णालयात मधुमेहासाठी वेगळा दवाखाना सुरू केला. देशातला तो पहिला मानला जातो. १९५४ मध्ये त्यांनी रॉयपुरमला मधुमेहाचं स्वतंत्र रुग्णालय उभारलं. रॉयपुरम म्हणजे उत्तर चेन्नई. बंदर, गोदी, कासिमेडूचा मासळीबाजार, दाटीवाटीच्या गल्ल्या. मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या शेठसावकारांचा आजार समजला जाण्याच्या काळात त्यासाठीचं रुग्णालय कष्टकऱ्यांच्या वस्तीत उभं राहिलं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विश्वनाथन यांचे चिरंजीव डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या पत्नी डॉ. एम. रेमा यांनी १९९१ मध्ये शहरात आपलं केंद्र काढलं, त्यातून पुढे मद्रास डायबिटिस रिसर्च फाउंडेशन ही संशोधनसंस्था आकाराला आली. मधुमेहावरचं भारतातलं मोठमोठं सर्वेक्षण घ्या, त्याचा एक धागा या शहरात येऊन पोचतो.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे 'क्यूर्स', चेन्नईच्या शहरी आणि ग्रामीण भागाचा अभ्यास. २००१ मध्ये महापालिकेच्या तेव्हाच्या १५५ वॉर्डांपैकी ४६ वॉर्ड निवडून कार्यकर्ते दारोदार फिरले आणि वीस वर्षांवरच्या २६,००१ माणसांपर्यंत पोचले. या अभ्यासातून पुढे आलेला आकडा हादरवणारा होता. चेन्नईत मधुमेहाचं प्रमाण १९८९ मध्ये ८.३ टक्के होतं, ते २००४ च्या सुमारास १४.३ टक्क्यांवर गेलं होतं. त्याची चर्चा खूप झाली. त्याच पाहणीतला दुसरा एक भाग मात्र तितका लोकांपुढे आला नाही, आणि या लेखाच्या दृष्टीने खरा ऐवज तिथेच आहे.

त्या २६,००१ माणसांना कार्यकर्त्यांनी विचारलं होतं, मधुमेह नावाचा काही आजार असतो हे तुम्हाला माहीत आहे का? ७५.५ टक्के लोक हो म्हणाले. म्हणजे चौघांतल्या एकाला पत्ताच नव्हता. मधुमेह टाळता येतो असं वाटणारे होते जेमतेम २२ टक्के. मधुमेहामुळे शरीरात इतर बिघाड होतात हे ठाऊक असलेले फक्त १९ टक्के. आता यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट: ज्यांना मधुमेह आहे आणि आपल्याला तो आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्यातसुद्धा हे प्रमाण ४०.६ टक्केच होतं. दहातली सहा माणसं गोळ्या गिळत होती, पण डोळे, मूत्रपिंडं, पाय यांचा आणि साखरेचा काही संबंध असतो हे त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

दहा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, चेन्नईची साक्षरता ९० टक्क्यांवर नोंदली गेली. हा आकडा आणि पाहणीतले वरचे आकडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे आरोग्याच्या बाबतीत 'लिहितावाचता येतं' या शब्दांवर किती भरवसा ठेवायचा, याचा अंदाज येतो.

पुढे हेच काम देशभर झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड यांचा समावेश होता. तिथे मधुमेहाचं नाव ऐकलेले लोक निघाले ४३.२ टक्के; शहरांत ५८.४, खेड्यांत ३६.८. माहितीच्या गुणांत तमिळनाडू सर्वांत वर आणि झारखंड सर्वांत खाली. महाराष्ट्राच्या वाचकाने यात आपलं राज्य बाजूला ठेवून वाचू नये, ही सरासरी आपलीही आहे. आणि २०२३ मध्ये याच अभ्यासाचा पूर्ण निष्कर्ष आला तेव्हा देशात १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह असल्याचा अंदाज पुढे आला.

इतकं सगळं मोजून झाल्यावरही एक गोष्ट मोजायची राहतेच. या पाहण्यांनी विचारलं, तुम्हाला माहीत आहे का? 'तुम्हाला करता येतं का?' हा प्रश्न वेगळा आहे. माहिती आणि हिशेब यांच्यात मोठी दरी आहे. मधुमेहाच्या माणसाचं आयुष्य त्या दरीत जातं.

एखाद्या लॅबच्या रिपोर्टकडे पाहू. उपाशीपोटी १४०, जेवणानंतर दोन तासांनी १४०. एकच आकडा, पण पहिला धोक्याचा आणि दुसरा मधुमेहाच्या माणसासाठी समाधानाचा. त्याच्याखाली एचबीएवनसी, ज्याला लोक 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. ती येते टक्क्यांत. वरचे आकडे शेकड्यांत आणि हा आकडा आठ किंवा नऊ. ज्या माणसाने आयुष्यभर टक्के म्हणजे पस्तीसला पास आणि नव्वदला शाबासकी असंच पाहिलं, त्याला नऊ टक्के हे क्षुल्लक वाटलं तर त्याचा काय दोष? प्रत्यक्षात सात टक्के म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सुमारे १५४, आठ म्हणजे १८३, नऊ म्हणजे २१२. एकेका टक्क्यामागे जवळजवळ तीस अंकांची उडी आहे, हे त्या कागदावर सहसा छापलेलं नसतं.

मग गोळ्या. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेल्या गोळ्यांच्या नावापुढे बरेचदा 'एम १', 'एम २' असं लिहिलेलं असतं. तो आकडा असतो ग्लिमेपिराइडच्या मिलिग्रॅमचा. ज्याला हे सांगितलेलं नाही तो 'दोन' म्हणजे दोन गोळ्या असं समजू शकतो. चिठ्ठीवर '१-०-१' असं असतं. सकाळ, दुपार, रात्र हा क्रम डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेला, पण रात्रपाळीच्या वॉचमनची 'सकाळ' कुठली? जेवणाआधी म्हणजे पाच मिनिटं की अर्धा तास? सावकाश विरघळणारी गोळी मोठी वाटते म्हणून मोडून घेतली, तर ती सावकाश विरघळण्याचा गुणच जातो. आणि सगळ्यात अवघड हिशेब ताटातला. क्यूर्सच्याच आहारपाहणीत दिसलं होतं, की चेन्नईकरांच्या रोजच्या उष्मांकांपैकी जवळपास निम्मे पॉलिश केलेल्या धान्यांतून येतात आणि त्यांत पांढऱ्या भाताचा वाटा पाऊण हिश्श्यांचा. सांबारभात, रसमभात, शेवटी दहीभात. पातेल्यातून वाढलेल्या भातावर लेबल नसतं.

हा हिशेब माणसाला किती जमतो, हे मोजण्याच्या चाचण्या परदेशांत बऱ्याच झाल्या आहेत. अमेरिकेत १९९० च्या दशकात एक चाचणी आली, तीत रुग्णाने वैद्यकातले ६६ शब्द मोठ्याने वाचून दाखवायचे. इंग्रजीत तिला अर्थ आहे, कारण तिथे ओळखीचा नसलेला शब्द धड उच्चारता येत नाही. तमिळ किंवा मराठीत ती निरुपयोगी. आपल्याकडे अक्षरं येणारा मुलगाही 'मूत्रपिंड' खणखणीत वाचेल, ते पोटात कुठे असतं याची कल्पना नसताना. २००५ मध्ये आलेली दुसरी चाचणी तीन मिनिटांची: आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल हातात द्यायचं आणि सहा प्रश्न विचारायचे. अख्खा डबा खाल्ला तर किती उष्मांक, अशा धर्तीचे. लेबल वाचून खरेदी करणाऱ्या समाजात हे चपखल बसतं. उत्तर चेन्नईतल्या तिरुवोट्टियूरच्या मासे विकणाऱ्या बाईला ते विचारण्यात काय हशील?

मधुमेहासाठी खास बेतलेली चाचणी २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली. तीत ४३ प्रश्न आहेत. साखर मोजायच्या मीटरवरचा आकडा ठरलेल्या मर्यादेत बसतो का, प्रवासाला जाताना किती स्ट्रिप लागतील, साखर इतकी आली तर तक्त्याप्रमाणे इन्सुलिन किती, असे. ३९८ रुग्णांनी ती दिली. सरासरी एकसष्ट टक्के उत्तरं बरोबर आली आणि वेळ लागला सुमारे अर्धा तास. मीटरचा आकडा चुकीचा लावणं, पिष्टाचं प्रमाण आणि औषधाची मात्रा काढताना गडबड होणं, या चुका वारंवार दिसल्या. यातले बहुतेक लोक शाळा शिकलेले होते. हे काम फार मोलाचं आहे, कारण मधुमेहाचं रोजचं गणित नेमकं मोजता येतं असं त्याने दाखवलं. पुढे पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्तीही निघाली.

पण ही चाचणी तमिळमध्ये भाषांतरित करून चेन्नईतल्या दवाखान्यात वाटली, तर नेमकं काय मोजलं जाईल? कासिमेडूला पहाटे लिलाव चालतो तेव्हा टोपलीचा भाव, बर्फाचा खर्च, रिक्षाचं भाडं आणि आपला नफा हे सगळं बायका क्षणात तोंडी जमवतात. त्यांच्यासमोर पेन्सिल आणि कागद ठेवला की कदाचित त्या शून्यावर बाद होतील. हा निव्वळ तर्क नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८० च्या दशकात संशोधकांनी रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. गाड्यावर विचारलेल्या हिशेबांत मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकडेमोडीच्या रूपात दिले तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर घसरली. २०२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबाबत असंच दाखवून दिलं, आणि त्यांना उलटही आढळलं: शाळेत गणित येणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता.

म्हणून मोजमाप करायचं तर ते ज्या वस्तूंशी माणसाचा रोज संबंध येतो, त्यांच्यावरच करायला हवं. खरी सिरिंज, खरी गोळ्यांची पट्टी, खरा रिपोर्ट, खरं ताट. 'किती?' विचारण्याऐवजी 'करून दाखवा' म्हणायला हवं. आपल्याकडे याचा एक चांगला नमुना शिक्षणक्षेत्रात आहे. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतं. २०२३ च्या सर्वेक्षणात चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींच्या हाती ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना दिल्या होत्या: किती पाण्यात, किती वेळात, कोणत्या वयाला किती. ज्यांना किमान पहिलीच्या पातळीचं वाचता येत होतं, त्यांच्यापैकी ६५.१ टक्के मुलांना चारपैकी निदान तीन प्रश्नांची उत्तरं देता आली. आरोग्याची साक्षरता मोजण्याचा याहून देशी मार्ग कुठला असणार? मधुमेहाच्या दवाखान्यांनी तो उचलायला हवा.

चेन्नईतच याच वळणाचं एक साधन तयार झालं आहे, आणि त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. क्यूर्सच्या माहितीवरून डॉ. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मधुमेहाच्या जोखमीचा गुणांक बसवला. चार प्रश्न: वय, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह. पन्नाशी गाठली तर ३० गुण, काहीच व्यायाम नसेल तर ३०, आईवडील दोघांनाही असेल तर २०, आणि कमरेचे जास्तीत जास्त २०. बेरीज शंभरपर्यंत जाते आणि साठ झाले की रक्त तपासून घ्यायचं. सगळे गुण दहाच्या पटीत. रक्ताचा थेंब नाही, यंत्र नाही, शिंप्याची टेप पुरे. ज्याने हा गुणांक बसवला त्याच्या डोळ्यांपुढे बेरीज करणारा माणूस होता, हे त्याच्या रचनेतून कळतं. रिपोर्ट छापणाऱ्यांच्या आणि औषधांची नावं ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो असायला हवा.

माहिती लोकांच्या वळणाने सांगायची ही जाण या मुलखाला नवी नाही. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे, म्हणजे आपल्या मराठी राजघराण्यातला विद्याव्यासंगी माणूस, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला धन्वंतरी महाल चालवला. तिथल्या वैद्यांचे अनुभवलेले उपचार 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने तमिळ पद्यात बांधले गेले. पद्यात, कारण ते पाठ होतं. रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवण्याची शिस्तही त्यांच्या दरबारात होती.

शिकवून फरक पडतो का? पडतो, पण हळू. २००४ ते २००७ या काळात चेन्नईत 'पेस' नावाचा जनजागृतीचा मोठा उपक्रम झाला. व्याख्यानं झाली, शिबिरं झाली आणि ७६,६४५ लोकांची रक्तातली साखर तपासली गेली. त्यानंतरच्या पाहणीत मधुमेहाबद्दल ऐकलेल्यांचं प्रमाण ७५.५ वरून सुमारे ८१ टक्क्यांवर गेलं. मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी पुढे मोबाइलच्या संदेशांचा प्रयोग केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांपैकी निम्म्यांना खाण्यापिण्याबद्दल आणि व्यायामाबद्दल छोटे छोटे संदेश ठरावीक दिवसांनी जात राहिले. दोन वर्षांनी संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्के आणि न मिळणाऱ्यांपैकी २७ टक्के मधुमेही झाले. एवढ्या स्वस्त उपायाने एवढा फरक पडावा, ही मोठीच गोष्ट. तरी हे सगळे पुरुष होते, पगारदार होते आणि संदेश वाचू शकणारे होते. ज्यांच्या घरात फोन एकच आणि तोही मुलाच्या खिशात, त्या बायकांपर्यंत हा संदेश पोचत नाही.

परदेशातल्या अभ्यासांत एक गोष्ट फार साधी आहे आणि ती इथे सर्वांत उपयोगी पडेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात डॉ. डीन शिलिंजर यांनी आधी २००२ मध्ये दाखवलं, की ज्यांना आरोग्याची माहिती समजून घेणं कठीण जातं अशा मधुमेहींची साखर जास्त बिघडलेली असते आणि डोळ्यांचे विकारही त्यांना अधिक. पुढच्या वर्षी त्यांनी डॉक्टर-रुग्णांची ६१ संभाषणं तपासली. डॉक्टरांनी काही नवं सांगितल्यावर 'काय समजलं ते मला सांगा' असं फक्त १२ संभाषणांत विचारलं होतं. जिथे विचारलं होतं, तिथल्या रुग्णांची साखर अधिक चांगली ताब्यात होती.

'समजलं ना?' हा प्रश्न चेन्नईतही विचारला जातो, पुण्यातही. त्याचं उत्तर सगळीकडे मान डोलावून 'हो' असंच येतं, कारण बाहेर शंभर माणसं रांगेत असतात आणि डॉक्टरांसमोर 'नाही' म्हणायला धीर लागतो. 'अम्मा, घरी गेल्यावर या गोळ्या कशा घ्याल ते मला दाखवा' हा प्रश्न वेगळा. त्यात मान डोलावून भागत नाही. पहिल्यांदा चुकलं तर पुन्हा समजावायचं, आणि चुकीचा गुण लिहायचाच असेल तर तो समजावणाऱ्याच्या नावावर लिहायचा. मोजमापाचा उपयोग रुग्णाला नापास करण्यासाठी झाला, तर लोक दवाखान्यात यायचं बंद करतील. आधीच 'साखर का वाढवली?' या दरडावणीने कितीतरी जण तपासणी पुढे ढकलत असतात.

डॉक्टरांना वेळ नाही, हे खरं आहे. तो कुणाला आहे, हेही पाहायला हवं. तमिळनाडू सरकारने ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातल्या सामनपळ्ळी गावातून 'मक्कळै तेडी मरुत्तुवम', म्हणजे लोकांच्या शोधात निघालेलं वैद्यक, ही योजना सुरू केली. तीत आरोग्य स्वयंसेविका घरी जाऊन रक्तदाब आणि साखर तपासतात, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या दारात पोचवतात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कृतिदलाचा पुरस्कारही या योजनेला मिळाला. शिवाय चेन्नईसह भारत-पाकिस्तानातल्या दहा केंद्रांवर ११४६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत दिसलं आहे, की डॉक्टर नसलेला पण प्रशिक्षित असा समन्वयक रुग्णामागे लागून राहिला, आणि डॉक्टरांच्या निर्णयाला संगणकाची जोड मिळाली, तर साखरेबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल, किंवा दोन्ही, आटोक्यात येण्याचं प्रमाण दुपटीवर जातं.

स्वयंसेविका ज्या घरात जाते, तिथे सगळं समोरच असतं. गोळ्यांचा डबा, फ्रिजमधली किंवा मडक्यात ठेवलेली इन्सुलिनची बाटली, दुपारचा भात. त्या बाईला त्या घरातल्यांची नावं, भाषा, जेवणाची वेळ माहीत असते. साखर मोजून झाल्यावर तिने आणखी तीनच गोष्टी करून दाखवायला सांगाव्यात: आज रात्रीच्या गोळ्या काढा, रोजचं इन्सुलिन जसं भरता तसं भरा, आणि मीटरवर ७० च्या खाली आकडा आला, म्हणजे साखर फार उतरली, तर घरातलं काय खाल ते आणून दाखवा. तीनपैकी काय जमलं आणि कुठे अडलं ते तिच्या नोंदीत चढावं, आणि ती नोंद महिन्याच्या शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी साखरेच्या आकड्याबरोबरच वाचावी. एका गल्लीत दहा घरांत इन्सुलिनच अडलं, तर त्या गल्लीत कुठल्या सिरिंज विकल्या जातात, हे बघायला त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवावा.